गळीची मोसंबी

बदनापूरहून रंगनाथ खरातांचा टेम्पो आला.
म्हणाले, बाई, ही गळीची हायेत,
मोंढ्यात कुणी हात लावीना.
तुम्हाला ते नाताळचं टांगायला लागतं ना, घ्या.
पैशाचं राहू द्या, कॅरेट तेवढं वापस करा.

अर्धं कॅरेट. काही हिरवी, काही एका अंगानं उन्हानं भाजलेली,
देठाशी काळा ठिपका.
कापली तर रस मनगटापर्यंत आला.
झाडानं सोडलं म्हणून फळाला कुठं कळतं.

दोन नाणी एकावर एक ठेवावीत
एवढ्या जाडीच्या चकत्या केल्या,
गच्चीवर जुन्या पातळावर मांडल्या,
वर मच्छरदाणी पसरली, कारण
एमआयडीसीत सळया ओतायला लागले
आणि वारा इकडचा असला की
जालन्यात काजळी पडते, काजळापेक्षा बारीक.
चौथ्या दिवशी एक चकती उन्हासमोर धरली.
फोडीफोडींतून उजेड आला,
आमच्या चर्चच्या रंगीत खिडकीतून येतो तसा,
म्हणजे यायचा.
आता तिच्या एका चौकटीत पुठ्ठा आहे.

लवंगांचा दर विचारला
आणि पन्नास ग्रॅमवर थांबले.
डोकं शाबूत असलेल्या वेगळ्या काढल्या,
दाभणानं सालीला भोक, भोकात लवंग,
भोक, लवंग,
अंगठा दुसऱ्या दिवशीपर्यंत बधिर.
सलोमी म्हणाली, आई, हे तर साळिंदर करायलीस.
तारा आहे गं, म्हटलं. नीट बघ, पाच टोकं.
तिनं चार मोजली.

दालचिनीच्या तीन-तीन काड्या सुतळीनं बांधल्या,
मध्ये चक्रीफूल.
दगडफूल या वर्षी नाही.
गेल्या साली ते दाराला लावलं होतं,
पाळकबाई आल्या, डोळे मिटून म्हणाल्या, वा,
आणि जेवायला थांबल्या.
घरात होतं वरण.

चोवीसच्या रात्री उपासनेहून येऊन चपला काढत होतो
तर दारात मुनीर, गाल धरून,
रोलिंग मिलची दुसरी पाळी करून आलेला.
भाभी, एक लवंग मिळंल का? दाढ.
डबा हलवला. तळाशी नुसती धूळ.
लवंगा सगळ्या ताऱ्यात.

मी दारावरची मोसंबी खाली घेतली
आणि वरच्या टोकाची एक उपटली.
रस पिऊन फुगली होती ती.
मुनीरनं दाढेखाली धरली, डोळे पुसले,
म्हणाला, ही तर मीठी हाय.

सकाळी चंद्रकलाबाईंच्या पुलावाला चार.
रूथआत्याच्या खोकल्याला रोज दोन.
गॅसवाल्या पोरानं विचारलंसुद्धा नाही,
एक काढली नि तोंडात टाकली, हॅपी क्रिसमस.
सलोमी रुसली. आता टोकंच नाहीत,
तारा राहिला नाही.
पण जिना चढणारा जो तो म्हणे,
काल एवढा वास नव्हता.
मी नाक लावून पाहिलं.
तो भोकांतून येत होता.

सात जानेवारीला रंगनाथरावांचं कॅरेट धुऊन परत दिलं,
आत ती मोसंबी ठेवली, लाल फितीसकट,
मुठीएवढी सुकलेली, ठक वाजणारी.
त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली.
बाई, हिच्यात तर लवंगापरीस भोकंच जास्त.
हाव, म्हटलं.
तिला त्यांनी काचेपाशी टांगलं,
लिंबू-मिरचीच्या शेजारी, जरा खाली,
आणि विचारलं, हिच्यानं फळगळ थांबती का?
ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.
माहीत नाही, म्हटलं.
टेम्पो चालू झाला. आधी डिझेलचा वास आला,
मग बराच वेळ
दुसरा.